त्या शीटवर लाल नव्हतं

माझ्या कपाटात पदवीच्या प्रमाणपत्राचं एक प्लास्टिकचं फोल्डर आहे. त्यात प्रमाणपत्राच्या मागे घडी घातलेला एक मोठा कागद आहे. तो तिथे का आहे, हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. परळच्या या घरात राहायला आलो तेव्हा नवऱ्याने विचारलं होतं. मी म्हटलं, पहिल्या नोकरीची आठवण आहे. ते खोटं नव्हतं. माझं हे असंच असतं – मी खरं असेल तेवढंच बोलून थांबते, आणि उरलेलं समोरचा आपल्या मनाने भरून घेतो. पूर्ण खोटं मी आयुष्यात फार कमी वेळा बोलले आहे. पण जेव्हा बोलले तेव्हा –

नको. असं नाही. सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मी पुन्हा मधलं काहीतरी गाळेन.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारत दिसावी कशी ते आर्किटेक्ट ठरवतो, ती उभी कशी राहील ते आम्ही बघतो. पंधरा वर्षांपूर्वी दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या कन्सल्टन्सीत मी लागले. सहा महिने प्रोबेशन. आम्ही तेव्हा घोडपदेवला चाळीत राहायचो. बाबा गिरणी बंद पडल्यावर शिवाजी पार्कलाच एका इमारतीत लिफ्टमन झाले होते, माझ्या ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर. माझ्या नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स काढून ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली होती. त्या इमारतीतल्या पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त प्रोफेसरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी ती वाचलेली होती. लिफ्टमध्ये शिरलेला माणूस जाणार कुठे?

बाबांचा हा तपशील मी सांगितला, म्हणून मला त्याचा आधार घ्यायचा आहे असं समजू नका. त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी मला हाताला धरून साहेबांसमोर उभं केलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे.

साहेब म्हणजे ऑफिसचे मालक. मोजकं बोलणारे, कडक, पण अन्याय करणारे नव्हेत. आणि दुसरे परबकाका – मुख्य ड्राफ्ट्समन. लालबागला राहायचे, मूळचे कुडाळकडचे. बोर्डावर शाईच्या पेनाने नकाशे काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी तो शिकून घेतला, पण त्याच्यावर विश्वास कधी ठेवला नाही. आम्ही पोरं-पोरी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचो. त्याची एक कागदी प्रत निघायची – चेक प्रिंट – आणि ती काकांच्या टेबलावर जायची.

काकांची तपासायची पद्धत अशी होती. एका हातात पिवळी पेन्सिल, दुसऱ्या हातात लाल. जी रेघ, जो आकडा बरोबर, त्याच्यावरून पिवळी फिरवायची. चूक सापडली की लाल. नुसतं बघून सोडून द्यायचं नाही. ज्याच्यावरून पेन्सिल फिरली नाही ते तपासलंच नाही असं धरायचं. शीट हातातून सुटेपर्यंत हळदीच्या कापडासारखी पिवळी व्हायची. त्यांची बोटंसुद्धा पिवळी असायची. जेवताना मी त्यांना हात धुवायला सांगायचे आणि ते म्हणायचे, "ह्यां धुवान जायत नाय गो."

आणखी एक रीत होती त्यांची, आणि ती दुसऱ्या कुठल्या ऑफिसात मी बघितली नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कोणी काढलं, कोणी तपासलं, दोघांच्या सह्या त्यात येतात. नव्या इंजिनिअरची सही काका पहिलं वर्षभर त्या चौकटीत येऊच द्यायचे नाहीत. दोन्ही ठिकाणी स्वतःची करायचे. मला आधी राग आला होता. कष्ट माझे आणि नाव यांचं? मी तोंड वाकडं करून विचारलं, तर म्हणाले, "वर्षभर तुजा नाव नको गो खाली. चुकलंस तर माज्या नावार जांव दे. माज्या नावाक आता काय होवचा नाय."

माझ्या नावाला आता काही होणार नाही. असं म्हणाले होते ते.

पाचव्या महिन्यात फणसवाडीतल्या एका इमारतीचं काम माझ्याकडे आलं. जुनी तीन मजली चाळ पाडून तिथे सोसायटी उभी राहत होती. दर मजल्यावर रस्त्याच्या बाजूला तीन गॅलऱ्या, पुढे निघालेल्या, खालून काही आधार नसलेल्या. आता इथे एक गोष्ट समजून घ्या, फार अवघड नाही. हात सरळ पुढे करा आणि त्यात भाजीची जड पिशवी धरा. ताण कुठे येतो? खांद्याच्या वरच्या बाजूला. गॅलरीचं तसंच. म्हणून तिच्यातल्या मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या अंगाला घालतात. घरातल्या साध्या स्लॅबमध्ये त्या खाली असतात, गॅलरीत वर. दुसऱ्या वर्षाला हे शिकवतात. मी त्या पेपरात पहिली आले होते. आणि मी त्या खाली दाखवल्या.

कशा दाखवल्या? घाईत. शेजारच्या स्लॅबची आकृती उचलून गॅलरीत डकवली आणि सळ्या सरकवायच्या राहिल्या. ही माझी चूक. पण हा माझा गुन्हा नव्हे. चूक कुणाचीही होते, आणि त्यासाठीच तर तपासणारा माणूस असतो.

काकांनी ती धरली. दोन महिन्यांपूर्वीच त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दहाव्या दिवशी काळा चष्मा लावून ते हजर झाले होते आणि सगळ्यांना औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवत होते. त्याच नव्या डोळ्याने त्यांनी ती एवढीशी आकृती हेरली, तिच्याभोवती लाल गोल काढला आणि शेजारी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं – 'लोखंड वर.' बाकी अख्खी शीट पिवळी. मला बोलावून, आवाज न चढवता म्हणाले, "ह्यां खाली गेला तर माणूस खाली जाता." मी शरमले. जागेवर जाऊन दुरुस्त केलं आणि फाइल नव्या नावाने सेव्ह केली.

आणि प्रिंट काढताना जुनी उघडली.

इतकंच. दोन नावं जवळजवळ सारखी होती, साइटवरून फोनवर फोन येत होते. मी प्रती घेऊन काकांकडे गेले. ते दुसऱ्या कामात बुडालेले होते. मान वर करून म्हणाले, "लाल सगळा काढलंस मा?" मी म्हटलं, हो काका. त्यांनी दोन्ही रकान्यांत सही केली. चेक प्रिंट शेजारी ठेवून ताडून बघितली नाही. नेहमी बघायचे. त्या दिवशी नाही बघितली, कारण मी हो म्हटलं होतं.

चेक प्रिंट खरं म्हणजे रॅकमधल्या गठ्ठ्यात लावायची असते. मी कंटाळा केला आणि ती माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली.

पुढे दीड-एक महिना गेला. पहिल्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला, काँक्रीट घट्ट व्हायची मुदत भरली, आणि एका सकाळी साइटवर गॅलऱ्यांखालचे टेकू काढायला घेतले. मधली गॅलरी टोकाला वीतभर खाली आली आणि भिंतीलगत अशी फाटली की भेगेत हात जावा. खाली कोणी नव्हतं. सुतार, बिगारी सगळे सावलीला न्याहारीला बसले होते. पाव तास आधी हे झालं असतं तर – ते वाक्य मी आजवर पूर्ण केलेलं नाही, आताही करणार नाही.

फोन आला तेव्हा ऑफिसात सगळे होते. साहेबांनी ड्रॉइंग मागवलं आणि कोपऱ्यातली चौकट बघितली. दोन्हीकडे परब. काकांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. काका म्हणत होते, "साहेब, मला वाटतं मी तिथे लाल केलं होतं. गॅलरीचं मी सोडत नाही. चेक प्रिंट बघू या." मग सगळे ती चेक प्रिंट शोधायला लागले. रॅकमधले गठ्ठे खाली आले, धूळ उडाली. काका स्वतः गुडघ्यांवर बसून एकेक शीट उलटत होते. मीही शोधत होते. ऐकताय ना? मीही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून गठ्ठा उलटत होते, आणि मला माहीत होतं की ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

माझी पाचावर धारण बसली होती, हे खरं. प्रोबेशन संपायला आठवडा उरला होता, हेही खरं. बाबांच्या खिशातली ती झेरॉक्स मला दिसत होती. पण घाबरलेला माणूस गप्प बसतो. मी त्याच्या पुढे गेले. सगळे रॅकपाशी असताना मी जागेवर आले, ड्रॉवर उघडला, तो कागद आठ घड्या घालून डब्याच्या पिशवीत सरकवला आणि त्याच्यावर डबा ठेवला. मग परत जाऊन काकांच्या शेजारी बसले. आणि कॉम्प्युटरवरची दुरुस्त केलेली फाइल – ती मी जेवणाच्या वेळेत पुसून टाकली. माझे हात चांगले स्थिर होते.

संध्याकाळपर्यंत काकांचा आवाज बदलला. सकाळी ते "मी लाल केलं होतं" म्हणत होते. दुपारी "केलं असणार". चहाच्या वेळी आपल्या दोन्ही पेन्सिली हातात धरून बसले होते आणि मला म्हणाले, "माका उगाच वाटता काय गो?" मी चहाचे रिकामे कप गोळा करायला लागले. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं; मूग खरंच घशात असतात.

साहेबांनी त्यांना काढलं नाही. गॅलऱ्या तोडून पुन्हा घालायच्या ठरल्या, चाळीतल्या लोकांना भाड्याच्या खोल्यांत आणखी काही महिने काढावे लागले, आणि साहेब काकांना एवढंच म्हणाले की यापुढे तपासायला आणखी एक माणूस ठेवू. काकांनी आठव्या दिवशी राजीनामा दिला. माझ्या टेबलापाशी आले, पिवळी पेन्सिल माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, नजर गेली की टेबल सोडायचं असतं. लाल मात्र त्यांनी नेली. का, ते विचारण्याची माझी छाती झाली नाही.

मी कायम झाले. बाबांनी लिफ्टमध्ये पेढे वाटले.

आता तुम्ही म्हणाल, कळलं, हीच ती गोष्ट. नाही. मलाही बरीच वर्षं वाटत होतं की हीच. एवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःला समजावलंसुद्धा असतं – वय बावीस, पहिली नोकरी, डोकं चाललं नाही. पण मी त्यानंतर तीन आठवड्यांनी लालबागला त्यांच्या घरी गेले. कागद पर्समध्ये घेऊन. द्यायलाच गेले होते, शपथ घेऊन सांगते. आठवडाभर आरशासमोर वाक्य घोटलं होतं – काका, तुम्ही लाल केलं होतं, ही बघा.

त्यांच्या चाळीच्या जिन्यापाशी एक काळा फळा होता. पाण्याची वेळ, कुणाचं निधन, दहावीचे निकाल, सत्यनारायणाचं आमंत्रण – पंचवीस वर्षं तो फळा काका लिहीत आले होते. लांबचे लोक त्यांचं अक्षर बघायला थांबायचे, असं त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला एकदा ऑफिसात आल्या असताना सांगितलं होतं. त्या दिवशी फळ्यावर 'उद्या पाणी येनार नाही' असं वेडंवाकडं लिहिलेलं होतं. अक्षर काकांचं नव्हतं. मी ते वाचून वर गेले.

काका खाटेवर बसले होते. आनंदले मला बघून. काकूंनी सोलकढी दिली. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि वाक्याची सुरुवात शोधत होते. तेवढ्यात काकाच म्हणाले – मालवणीत नाही, अगदी नीट, ऑफिसात साहेबांशी बोलायचे तसं – "शीतल, एक विचारतो. तू खोटं बोलणार नाहीस. त्या शीटवर मी लाल केलं होतं ना?"

बघा, त्यांना काय हवं होतं? नोकरी त्यांना परत नको होती. मला पकडायचंही नव्हतं. माझ्यावर संशय असता तर असं विचारलं नसतं. त्यांना फक्त त्यांची नजर परत हवी होती. ती माझ्या मांडीवर होती, पर्सची चेन उघडली की बाहेर. आणि मी कायम झालेली होते. साहेबांना काका काही सांगायला गेले नसते. माझं त्या क्षणी काहीही जाणार नव्हतं – फक्त त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जे होतं, ते गेलं असतं.

मी म्हटलं, "नाही काका. त्या शीटवर लाल नव्हतं."

हे ते वाक्य.

त्यांनी मान हलवली. वाईट वाटल्यासारखी नाही. एखाद्याचा जीव भांड्यात पडावा तशी. म्हणाले, "मग बरा. माका वाटला डोक्यात बिघाड झालो. डोळ्यांतच हा." आणि हसले. मग काकूंना हाक मारून म्हणाले की पाकिटातलं ते कार्ड काढून टाक.

त्या कार्डाचं सांगायला हवं. काकांनी नेत्रदानाचा फॉर्म भरलेला होता. ते कार्ड त्यांनी ऑफिसात प्रत्येकाला दाखवलं होतं, बाबांनी माझं पत्र दाखवावं तसं. मागच्या बाजूला सूचना छापलेल्या होत्या – माणूस गेल्यावर पापण्या मिटून त्यांच्यावर ओला कापूस ठेवा, खोलीतला पंखा बंद करा, काही तासांच्या आत फोन करा. काकांना त्यातल्या पंख्याची फार गंमत वाटायची. "मेल्यार पंखो बंद," म्हणायचे, "आमच्या हिका सांगान ठेवलंय. जिवंतपणी बंद करता ती वेगळी." ऑपरेशननंतर त्यांनी डॉक्टरांना आवर्जून विचारलं होतं की असा डोळा चालतो का, आणि चालतो हे कळल्यावर पेढे द्यायचेच बाकी होते.

"काढून टाक ता," ते म्हणाले. "असले डोळे कोणाक देवचे?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी सोलकढीचा पेला उचलला आणि प्यायले. सगळा संपवला. थोड्या वेळाने निघाले. जिना उतरताना फळ्यावरचा तो 'येनार' पुसून नीट लिहावासा वाटला, तेवढीही हिंमत नव्हती.

पुढची वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. वर्षातून दोनदा, तीनदा. चतुर्थीला, दिवाळीला. फळं घेऊन जायचे, औषधं आणून द्यायचे, काकूंना दवाखान्यात न्यायचे. लोक म्हणायचे, जुन्या माणसाची किती आठवण ठेवते. मी खालमानेने ऐकून घ्यायचे. दर खेपेला कागद न्यायचे का? पहिली तीन-चार वर्षं नेला. मग घरीच राहू लागला.

ऑफिसात मात्र त्यांची गोष्ट राहिली. 'परबांची गॅलरी' असं तिचं नाव पडलं. नवी मुलं आली की कोणीतरी सांगायचं, एवढा पक्का माणूस, त्याचीसुद्धा नजर एकदा चुकली, तेव्हा कुणावर विसंबू नका. ती गोष्ट एकदा मीही सांगितली आहे. समोर चार नवी मुलं बसली होती, मी सीनियर झाले होते, माझ्या हातात पिवळी पेन्सिल होती. त्यांनी दिलेलीच. चांगली रंगवून सांगितली मी. त्या मुलांपैकी एकीने ती वहीत लिहून घेतली. हे मला सांगायलाच हवं होतं, कारण तेव्हा मी काही बावीस वर्षांची नव्हते.

दोन वर्षांपूर्वी, एका रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. काका झोपेतच गेले होते, पहाटे कधीतरी. आम्ही आता परळला राहतो, लालबाग म्हणजे चालत अंतर. मी पंधरा मिनिटांत पोचले. त्यांची मुलगी बदलापूरहून निघाली होती, शेजारचे पुरुष खाली तयारीला लागले होते. खोलीत काकू एकट्याच होत्या. काका चटईवर, छातीवर चादर. खोलीत उकडत होतं. मला आधी कळलं नाही काय वेगळं आहे. मग कळलं.

काकांच्या दोन्ही पापण्यांवर ओला कापूस होता. आणि पंखा बंद होता.

काकूंनी ते कार्ड टाकलंच नव्हतं. देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "शीतल, तू शिकलेली आहेस गो. तूच सांग. त्यांना एवढी हौस होती, म्हणून मी कापूस ठेवलाय. पण मागाहून ते नको म्हणत होते, माझे डोळे फसवे म्हणत होते. नाही चालणार ना असले डोळे? की करायचा फोन?"

डोळे पूर्ण चांगले होते, काकू. लाखात एक होते. त्यांनी दोन महिन्यांच्या ऑपरेशनच्या डोळ्याने नखाएवढ्या आकृतीतली चूक पकडली होती, आणि ते लिहिलेलं माझ्या घरी कपाटात आहे, मी अर्ध्या तासात आणून दाखवते. एवढंच बोलायचं होतं. एवढंही नाही. "चालतात काकू, करा फोन," इतकं म्हटलं असतं तरी झालं असतं. कागदाचं कुणी विचारलंही नसतं. तेरा वर्षं मी मनातल्या मनात जे परत करायची वाट बघत होते, ते तिथे कुणाला न सांगता परत करता आलं असतं. कुठल्या तरी दोन अनोळखी माणसांना.

मग का नाही म्हटलं? मी खूप शोधलं आहे याचं उत्तर. मला एवढंच सापडतं की त्या खोलीत, त्या खाटेसमोर मी एकदा एक वाक्य बोलले होते, आणि आता वेगळं काही बोलले तर काकू म्हणतील, मग तेव्हा असं का म्हणालीस? त्या म्हणाल्या नसत्या. त्यांना ते आठवतही नसेल. काका असे समोर झोपलेले, आणि मला अजूनही माझीच पडली होती.

मी कार्ड त्यांच्या हातात परत दिलं आणि म्हटलं, "काका नको म्हणत होते ना काकू. मग त्यांच्या मनासारखं होऊ द्या."

काकूंनी कार्ड देव्हाऱ्याच्या खणात परत ठेवलं. मग त्यांनी हलक्या हाताने कापूस उचलला, एक आणि मग दुसरा, पदराने काकांच्या पापण्या टिपल्या. आणि उठून पंखा लावला.